तिन्हीसांजेचा केर

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी आईचा फोन. पितृपक्ष लागला. आबांच्या तिथीला काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, खीर. सगळं वैजू वहिनी, दादाची बायको, करणार. मग आई म्हणाली, "पान एकच वाढूचा हा."

मी विचारलंही नव्हतं!

एकच, म्हणजे वडिलांचं, आबांचं. दादाचं नाही. बारा वर्षं हेच चाललंय. दादाची बोट शारजाच्या खाडीतून बाहेर उभ्या असलेल्या जहाजांना सामान पोचवायला गेली आणि वादळात सापडली. बोट मिळाली, दादा नाही मिळाला. आपल्यात अशा माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि माणूस गेला असं धरायचं. बारा वर्षं जूनमध्येच भरली. भटजी दोनदा घरी येऊन गेले. आई त्यांना चहा देते आणि सांगते, माझ्या मुलीला विचारा, ती तिथे असते.

मला तिने एकदाच स्पष्ट सांगितलंय — "ज्या दिवशी तू म्हणशीत माझो भाव गेलो, त्या दिवशी करूया."

झालं! सगळं माझ्या जिभेवर टांगून ठेवलं. मी शारजात राहते म्हणून समुद्र काय मला येऊन सांगणार आहे?

१० सप्टेंबर

आज पुन्हा शारजा-दुबई रस्त्यावर तुंबलो. इल्झेची गाडी, इल्झे स्टिअरिंगवर, मी शेजारी डबा मांडीवर घेऊन. इल्झे लात्वियाची. आमच्या ऑफिसात ऑपरेशन्सला आहे, राहते माझ्या मागच्याच बिल्डिंगमध्ये, म्हणून आमची जोडी जमली. पंचावन्नची बाई, बोलणं अगदी मोजकं. तिचं गाव समुद्रकाठचं, कोळ्यांचं. तिचे आजोबाही समुद्रावरून परत आले नाहीत.

दादाचं तिला मागेच सांगितलं होतं. इतर सगळे "सो सॉरी" म्हणतात आणि विषय बदलतात. हिने विचारलं होतं, त्याला जेवायला काय आवडायचं? असं मला कोणीच कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात शनिवारी, वीस तारखेला, धैदला एका शेतावर त्यांचा सण आहे, मला बोलावलंय. पीक घरात आल्याचा सण, 'अपयूमीबस' असं काहीसं नाव. मी म्हटलं, बाई, वाळवंटात कसलं पीक आणि कसलं काय? ती म्हणाली, पीक तिथलं, माणसं इथली.

घरी नवऱ्याला, राहुलला, सांगितलं तर तो म्हणे, "जा की! बिअर असेल." शारजात दारूबंदी, आणि म्हणे बिअर! इतकी वर्षं इथे काढली या माणसाने.

१४ सप्टेंबर

वैजू वहिनीचा फोन. विहिरीवरून बोलत होती, म्हणजे आईच्या कानाआड. मधू मास्तरांनी तिला मागणी घातली आहे. मास्तर आमच्याच वाडीतले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. कोणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. वहिनीने त्यांना सांगितलंय की आईंना एकटं टाकून येणार नाही. ते म्हणाले, त्यांनाही घेऊन ये. तुळशीच्या लग्नापर्यंत काय ते कळवायचंय.

विधी झाल्याशिवाय आई हो म्हणणार नाही. मी बोलल्याशिवाय विधी होणार नाही.

मी म्हटलं, वहिनी, इथे नेटवर्क नीट नाहीये, नंतर बोलू. नेटवर्क उत्तम होतं.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री

काल काय झालं ते नीट लिहून ठेवते. नाहीतर महिन्याभराने मीच स्वतःला खोटं पाडीन.

दुपारी निघालो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी तांदळाच्या भाकऱ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ घेतली होती. पितृपक्ष, तेव्हा बाकीचं काही नकोच. शेत वेल्ता नावाच्या लात्वियन बाईच्या अमिराती नवऱ्याचं. तो स्वतः नव्हता. सगळीकडे लाल, बारीक वाळू, मैदा चाळल्यासारखी. एक मोठी शेड, तिच्यात लांबच लांब टेबल, पांढरी चादर. वीसेक माणसं, बहुतेक बायकाच. त्या उकाड्यात लोकरीचे घागरे! डोक्यावर वाळल्या राईच्या काड्यांची कडी. राई म्हणजे आपली मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य असतं. काड्या म्हणे सूटकेसमधून आणल्या.

आणि समोर शेतात काय असावं? ज्वारी! चाऱ्यासाठी लावलेली. मी कोकणातली, भातावर वाढलेली. ज्वारीच्या शेतात पहिल्यांदा पाय टाकला तो अमिरातीत, लात्वियन बायकांबरोबर.

त्यांनी ज्वारी कापत आणली आणि मधे थोडी तशीच उभी ठेवली. मग गाणं सुरू झालं. एक बाई शब्द म्हणते आणि बाकीच्या नुसता एक सूर धरतात — ए. बास, ए. तो सूर तुटतच नाही. एक श्वास घ्यायला थांबली की दुसरी तो उचलते. ऐकता ऐकता मला वाटायला लागलं की उभ्या बायकांपेक्षा आवाज जास्त आहेत. अंगावर काटा आला. मी पदर नसताना पदर सावरला.

इल्झेने समजावलं. सगळं पीक कापलं की शेताचं दैवत त्या शेवटच्या उभ्या ताटांत जाऊन बसतं. त्याचं नाव यूमिस. ते शोधायचं. ओळखायचं कसं? एका ताटाला दोन कणसं. सगळ्या जणी वाकून शोधू लागल्या. मी बाजूला उभी होते. चपलेत वाळू गेली म्हणून वाकले आणि नाकासमोर ते. एकच ताट, दोन कणसं, एकमेकांना चिकटलेली. आमच्याकडे जुळं केळं निघालं तर आई ते मुलींना खाऊ देत नसे, गाईला घालत असे. इथे मी हात लावला आणि गाणं थांबलं. कोणी टाळ्या पिटल्या नाहीत. वेल्ताने ते ताट वाकवून बाकीच्यांबरोबर गाठ मारली, वर दगड ठेवला आणि मला टेबलाशी पहिल्या जागी बसवलं.

ज्याला यूमिस सापडतो त्याने पहिली हाक मारायची. कोणाला? तर आपल्या गेलेल्या माणसाला. पीक घरात आलं की त्यांची गेलेली माणसं आपला वाटा जेवायला येतात. मला बरंच वाटलं. हे तर आपलंच झालं, शिवाय पंधरवडाही तोच. प्रत्येकीने आपल्या शेजारी एक रिकामी खुर्ची आणि एक पान मांडलं होतं. काळा पाव, चीज, मध आणि करडे वाटाणे — आमच्या काळ्या वाटाण्यांचे सख्खे चुलतभाऊ. मी त्यात माझी भाकरी आणि उसळ वाढली. वेल्ताने पेटती ढलपी हातात धरली आणि मला खूण केली.

मी आबांचं नाव घ्यायला तोंड उघडलं. आणि निघालं ते 'नागेश'.

आयुष्यात मी दादाला कधी नावाने हाक मारलेली नाही. आणि मारली ती अशी, गेलेल्यांच्या पंगतीत!  माणूस गेलाय की नाही हे कोणाला माहीत नाही आणि मी बोलावून मोकळी झाले.

जेवताना बोलायचं नाही, शेजारच्या पानाकडे बघायचं नाही. मी खाली मान घालून पाव चघळत होते. तेवढ्यात वास आला, डिझेल आणि खोबरेलाचा. दादा कामावरून आला की हाच वास यायचा. मी स्वतःला सांगितलं की शेतातला पंप असेल. मान वर केली नाही.

जेवणं झाल्यावर पानांकडे बघितलं. बाकी सगळी भरलेली. माझ्या शेजारच्या पानातल्या भाकरीचा पापुद्रा नव्हता. अलगद सोललेला, खालची जाड बाजू तशीच. दादा भाकरी अशीच खायचा. वरचा पापुद्रा त्याचा आणि खालचा जाडा भाग माझ्या ताटात. यावरून लहानपणी किती मार खाल्लाय त्याने आईचा! उंदीर असेल, मी म्हटलं. शेत आहे, उंदीर असणारच.

मग वेल्ताने खराटा दिला. खजुराच्या झावळीचा. सूर्य बुडत होता. आता प्रत्येकीने आपापल्या माणसाच्या मागे झाडत जायचं, खुर्चीपासून शेडच्या दारापर्यंत. ज्याच्या मागे झाडलं नाही त्याला जेवण संपलं हे कळत नाही, असं ती म्हणाली.

आणि इथेच माझे हात थांबले. तिन्हीसांजेला केर काढायचा नाही. हे आईने आम्हाला कालवणाआधी भरवलेलं. आणि घरातून निघालेल्या माणसाच्या मागे तर कधीच झाडायचं नाही. मागे झाडतात ते फक्त मढं उचलल्यावर. दादाच्या मागे मी झाडू? बारा वर्षं जे तोंडाने बोलले नाही ते खराट्याने बोलू?

मी खराटा जमिनीपासून बोटभर वर धरला आणि दारापर्यंत चालत गेले. कोणाच्या लक्षात आलं नाही. इल्झे माझ्याकडे बघत होती.

निघताना गेटवरच्या अक्रमला सहज विचारलं, पंप डिझेलवर चालतो का? तो म्हणाला, "नहीं मॅडम, पंप तो बिजली का है."

गाडीत इल्झेने एकच विचारलं, झाडलंस ना? मी हो म्हटलं.

घरी राहुल विचारतो, "काय, कसा झाला तुमचा भोंडला?"

२२ सप्टेंबर

घट बसवले. डायनिंग टेबलाच्या खिडकीकडच्या खुर्चीखाली चिमूटभर लाल वाळू दिसली. माझ्याच चपलांची, दुसरं काय. ढब्बूने ओढून घेतली.

ढब्बू म्हणजे आमचा केर काढणारा रोबो. वाटोळा, ठेंगणा, सगळ्यांच्या पायात पायात करणारा. नऊशे दिरहम, म्हणजे एकवीस हजार रुपये! आईला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, तो तिन्हीसांजेला तर फिरत नाही ना? म्हणून त्याला सकाळचीच वेळ लावून ठेवली आहे.

२३ सप्टेंबर

पुन्हा वाळू. त्याच खुर्चीखाली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

त्या खुर्चीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण लिहिते.

आधी आम्ही शारजातच रोल्लाला राहत होतो तेव्हा शुक्रवारची सुट्टी असायची आणि दादा दर शुक्रवारी जेवायला यायचा. खिडकीकडच्याच खुर्चीवर बसायचा, रस्ता बघत. घर बदललं, सोफा बदलला, पण टेबल-खुर्च्या मी बदलू दिल्या नाहीत. राहुल दर वर्षी कॅटलॉग दाखवतो आणि दर वर्षी मी नाही म्हणते.

आज घरून काम होतं. दुपारी तांदळाच्या भाकऱ्या केल्या, टोपलीत झाकून ठेवल्या, एक ऑफिसचा कॉल घेतला आणि परत आले. वरच्या भाकरीचा पापुद्रा नाही.

सोनमला विचारलं. माझी लेक, तेरा वर्षांची, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीतच येतं. "मम्मा, आय हेट भाकरी." खरंय, तिला वासही नको असतो. राहुल अबुधाबीला गेलेला.

मी घाबरले का? नाही. तेच तर विचित्र आहे. मी खुर्चीवर बसले आणि ती उरलेली खालची बाजू खाऊन टाकली, जशी नेहमी खायचे. बरं वाटलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

भीती नंतर वाटली, भांडी घासताना. हा दादा असेल तर दादा गेला. आणि दादा गेला नसेल, तर मी जेवायला कोणाला घातलं?

२८ सप्टेंबर

ढब्बू त्या खुर्चीपाशी जातो, ठोकर खातो, मागे येतो, वळून पुन्हा जातो. खुर्चीच्या पायांपाशी नाही. पायांच्या मधे, जिथे काहीच नाही तिथे.

सोनमने फोनवर त्याचा नकाशा दाखवला. आमच्या घराचा आराखडा त्याने स्वतःच काढलेला असतो. भिंती, पलंग, टेबल, चार खुर्च्यांचे चार-चार ठिपके. खिडकीकडच्या खुर्चीपुढे दोन ठिपके जास्त. जवळजवळ, थोडेसे लांबट.

"समथिंग इज देअर, मम्मा. इट थिंक्स देअर आर टू थिंग्ज." मी टॉर्च लावून बघितलं. फरशी होती. सोनम हसली आणि गेली. मी खाली बसून राहिले. माणूस खुर्चीवर बसला की त्याचे पाय जिथे टेकतात, बरोबर तिथे.

२ ऑक्टोबर, दसरा

फोनवरून आईला नमस्कार केला. तिने विचारलं, काही समजला? मी म्हटलं, नाही.

७ ऑक्टोबर

आज जॅममध्ये इल्झेला सगळं सांगून टाकलं. खराटा वर धरला होता, हेही.

समोरचा ट्रक हलला तशी तिने गाडी थोडी पुढे घेतली. मग तिच्या आजीचं सांगितलं. आजोबा समुद्रात गेले त्या वर्षी आजीने सगळ्यांना पान मांडलं आणि सगळ्यांच्या मागे झाडलं, फक्त आजोबांच्या मागे नाही. आजोबा हिवाळाभर घरात राहिले. मी विचारलं, मग? काही वाईट झालं?

"आजी आनंदात होती," इल्झे म्हणाली. "तेच वाईट झालं."

आजी घराबाहेर पडेना, कोणाला त्यांच्या जागेवर बसू देईना. इल्झेच्या आईचं लग्न ठरलं होतं. घरात वडील असताना त्यांना विचारल्याशिवाय लग्न कसं, म्हणून आजीने ते मोडलं. गेलेला माणूस काही करत नाही, इल्झे म्हणाली, तो फक्त बसतो. बाकीचे त्याच्यासाठी थांबून राहतात.

मी म्हटलं, आमचा ढब्बू रोज झाडतो की तिथे. ती म्हणाली, मशीनचं चालत नाही. आपल्या हाताने, दिवस बुडताना, दारापर्यंत. आणि तोंडाने सांगायचं की जेवण झालं. मी विचारलं, मग तो जातो कुठे? ती म्हणाली, जिथे जायला निघाला होता तिथे.

बोट वादळात सापडली त्याच आठवड्यात दादा गावी जाणार होता. तिकीट काढलेलं होतं. हे मी इल्झेला कधी सांगितलेलं नाही.

१२ ऑक्टोबर

रोज भाकरी करते आहे. राहुल विचारतो, "हे काय नवीन डाएट?" मी म्हणते हो.

काल त्याने लॅपटॉपची बॅग त्या खुर्चीवर ठेवली तर मी अशी काही ओरडले की सोनम खोलीतून बाहेर आली. बॅगच ती! राहुलने तिला परत खोलीत पाठवलं.  मला लाज वाटली, पण बॅग मी उचललीच.

ऑफिसातून लवकर निघते. घरी कोणीतरी आहे असं वाटतं ना, त्याची चटक लागते. मी त्याच्याशी बोलत नाही, वेड लागलेलं नाही मला. नुसती भाजी निवडत समोर बसते. एसी चालू असला तरी त्या बाजूने खारा, ओलसर वारा येतो.

वहिनीचे फोन येऊन गेले. घेतले नाहीत.

१५ ऑक्टोबर

वहिनीचा व्हॉइस मेसेज. ऐकला नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

चकल्या तळता तळता ऐकला. हात पिठाचे होते, चुकून बोट लागलं आणि सुरू झाला. मग थांबवता आला नाही.

वहिनी रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. ती नुसतं सांगत होती. बारा वर्षं घराच्या दाराला रात्री कडी लावलेली नाही. आई लावू देत नाही, नागेश आला तर ताटकळेल म्हणून. पावसात दार आपटत राहतं. वहिनी दाराला पाटा लावून त्याच्याशीच निजते. "वन्सं, मी मास्तरांसाठी अडून बसलेली नाही. तुम्ही नाही म्हटलंत तरी चालेल. पण मी कोणाची बायको आहे, आहे की होते, एवढं तरी मला कोणी सांगा."

चकल्या करपल्या. मी खिडकीकडच्या खुर्चीकडे बघितलं. पहिल्यांदाच त्याचा राग आला मला. आणि मग कळलं की राग त्याचा नाही. तो बिचारा जेवायला बोलावलं म्हणून आला. जेवण संपलं हे त्याला कोणी सांगितलंच नाही. तिथे आई दार उघडं टाकून बसली आहे आणि इथे मी रोज भाकऱ्या थापते आहे. दोघींच्या मधे वहिनी दाराशी निजली आहे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

अर्धी सुट्टी टाकली. राहुलला सांगितलं, सोनमला घेऊन दुबईत ऊद मेथाला तुझ्या चुलतबहिणीकडे जा, ओवाळून घे, मी मागाहून येते. त्याने कारण विचारलं नाही. या बाबतीत नवरा बरा आहे माझा.

ज्यांचा भाऊ जवळ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. बारा वर्षं मी बाल्कनीतून चंद्राला ओवाळलं, तोही इथे धुळीत धड दिसत नाही. आज बाल्कनीत गेले नाही. खिडकीकडच्या खुर्चीभोवती रांगोळी काढली. पान वाढलं. काळ्या वाटाण्याची उसळ, भाकरी, करंजी. तबकात निरांजन, सुपारी, अक्षता. टिळा लावायला कपाळ नव्हतं, तो पाठीला लावला. खुर्चीच्या पाठीला म्हणजे.

ओवाळलं. एसी समोरच होता, पण निरांजनाची ज्योत जराही हलली नाही.

मग शेजारी बसून जेवले, खाली मान घालून. त्या बायकांनी शिकवलं होतं तसं. आज यम बहिणीकडे जेवायला येतो म्हणतात, म्हणून यमद्वितीया. लहानपणी मी आईला विचारायचे, जेवल्यावर तो परत जातो ना? आई म्हणायची, जाता तर! बहीण तेका धाडता.

डिझेल. खोबरेल. मी रडले, जेवता जेवता, नाक पुसत. बघायचं नसतं म्हणून बघितलं नाही. मान वर केली तेव्हा पापुद्रा नव्हता. मी खालची बाजू खाल्ली. शेवटची.

मशिदीत मगरीबची अजान झाली. दिवस बुडाला. गावाहून आणलेली केरसुणी कपाटामागून काढली. देवापुढे दिवा लागलेला, तिन्हीसांज, आणि माझ्या हातात केरसुणी.  खुर्चीखालची वाळू आज मूठभर होती. तीच पुढे ढकलत निघाले. टेबल, सोफा, चपलांचं कपाट, दार, पॅसेज, थेट लिफ्टपर्यंत.

आमच्याकडे कोणी निघालं की 'ये' म्हणतात. जा असं मी आजवर भांडणातसुद्धा कोणाला म्हटलेलं नाही. पॅसेजमध्ये उभी राहून म्हटलं, "दादा, जेवण झालं. आता जा."

बटण दाबलं नव्हतं. लिफ्ट आली, उघडली, आत कोणी नाही, बंद झाली, खाली गेली. या बिल्डिंगच्या लिफ्टला ती खोडच आहे. मी सुपली पुढे केली आणि खाली बघितलं. एवढी ढकलत आणलेली वाळू, तिचा एक कण फरशीवर नव्हता.

घरात आले. खुर्चीवर बसून बघितलं. नुसती खुर्ची होती.

मग आईला फोन लावला, सांगून टाकायचं म्हणून. वाजत राहिला. तिथे दीड तास पुढे, निजली असेल. उद्या सांगते. नक्की.

२४ ऑक्टोबर

सांगायची वेळ आलीच नाही. संध्याकाळी वहिनीचाच फोन, आवाज खाली ठेवून. आईने आज सकाळी उठून, कोणी न सांगता, दोन भाकऱ्या केल्या आणि दादाच्या पाटासमोर झाकून ठेवल्या. दिवसभर त्या पाटाशीच बसून होती. आणि दिवेलागणीला उठून तिने स्वतः केरसुणी घेतली. आईने! तिन्हीसांजेला! पाटापासून माजघर, ओटी, खळ्यापर्यंत झाडत गेली. वहिनी अडवायला धावली तर म्हणाली, "तो जेवलो. आता जाऊंदे तेका." मग आत येऊन दाराला कडी घातली.

"वन्सं, केरात वाळू निघाली. आपली माती नव्हे, वाळू. लाल, बारीक. ही कुठून आली?"

मी म्हटलं, वहिनी, मास्तरांना हो सांग.